पँगाँगच्या वाटेवरचे मार्मट: परभणीकरांसाठी थोडं कामाचं

लडाखला जाणारे आपल्याकडचे लोक पँगाँग तलावाचा फोटो काढतात आणि परत फिरतात. वाटेत टांगत्से गाव सोडलं की ओढ्याकाठच्या हिरव्या कुरणात मार्मट दिसतात, त्यांच्यासाठी कोणी वेळ ठेवत नाही. खारीच्या कुळातला हा प्राणी, पण अंगानं पोत्यासारखा, तांबूस-पिवळ्या केसांचा.

गाड्या जिथं थांबतात तिथं मार्मट बघण्यात राम नाही. बिस्किटांना सोकावलेले ते थेट पायाशी येतात. ड्रायव्हरला किलोमीटर-दोन किलोमीटर पुढं गाडी लावायला सांगा आणि बिळांपासून लांब, गप बसा. आधी सगळे आत पळतात. मग एक डोकं वर येतं, मग दोन पायांवर उभा राहून पहारा सुरू. आमच्यासमोर वरून मोठा पक्षी सरकला, तीक्ष्ण शीळ वाजली आणि क्षणात कुरण रिकामं! सकाळची वेळ बरी. दुपारी ऊन चढलं की ते बरेचदा बिळात असतात.

दाजींनी चिवड्याची पिशवी काढलीच होती. त्यांना म्हटलं, सहा महिन्यांहून जास्त हिवाळी झोप काढायला यांना गवतावरच चरबी साठवावी लागते, मीठ-साखर कशाला? ऐकेनात. तिबेटच्या पठारावर यांच्या पिसवांतून माणसाला प्लेग होतो, हे सांगितल्यावर मात्र पिशवी बंद झाली. दाजी बीडचे, 1994 ची साथ त्यांना सांगावी लागत नाही.

जून ते सप्टेंबर हाच काळ. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर कुठूनही सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली गाठा (वाटेत काही स्टेशनांवर लंगर मिळतो, ताट-डबा जवळ ठेवा), पुढं लेहला विमान. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आतली माणसं, लेह साडेतीन हजारांवर, त्यामुळं पहिले दोन दिवस नुसता आराम करा. पँगाँग त्याहून वर, सव्वाचार हजारांच्या आसपास. तिथं मार्मटमागं धावलात तर दम तुमचाच जाईल. पँगाँगसाठी सध्या काय कागद लागतात ते लेहमध्येच विचारून घ्या. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. ग्रुपमध्ये एकाकडं तरी पोस्टपेड हवं. आणि दुर्बीण न्या, मोबाइलच्या झूमवर नुसता तांबडा ठिपका येतो.