तीन वेबर, सहा पात्या आणि दोन हजारांवरचे गचके

मंडळी, गचके गेले! शनिवारी इथे ॲडलेडमध्ये ओल्ड बेलेअर रोडच्या चढाला माझी चार्जर, म्हणजे क्रायस्लरची सत्तरच्या दशकातली ऑस्ट्रेलियन गाडी, दुसऱ्या गिअरमध्ये अठराशे आरपीएमपासून चार हजारांपर्यंत एका दमात चढली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी वाटेत बॉनेट न उघडता घरी आलो.

सहा सिलिंडरचं इंजिन, त्यावर तीन वेबर डीसीओई कार्ब्युरेटर. प्रत्येक कार्बला हवेच्या दोन नळ्या आणि प्रत्येक नळीत हवा अडवणारी एक फिरती पाती. दुखणं मागच्या वेळी सांगितलं होतं तेच. आयडल सुरेख, तीन हजारांच्या पुढे सुसाट, पण अठराशे ते चोवीसशेच्या पट्ट्यात गाडी नुसती गचके द्यायची. तिथे मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक, अजून नीट कामाला लागलेला नसतो, पाती जराशी उघडली की प्रोग्रेशनच्या बारीक भोकांतून येणाऱ्या पेट्रोलवर इंजिन चालतं. म्हणून माझा सगळा संशय या भोकांना पेट्रोल पुरवणाऱ्या आयडल जेटवर. ५०एफ८ मापाचे काढून ५५एफ८ घातले, मग ५५एफ९, मग ६०एफ८. प्लग काळे पडले, गॅरेजभर पेट्रोलचा वास, गचके जसेच्या तसे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर कार्ब क्लीनर मारून पाहिला, कुठेही हवा ओढत नव्हती.

शेवटी कोल्हापूरच्या मामाला व्हिडिओ कॉल लावला. चाळीस वर्षं फियाटी आणि अँबॅसिडर दुरुस्त केलेला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “जेट ठेव बाजूला. पात्या सारख्या उघडतात का बघितलंस?”

“मामा, सिंक केलंय की. तिन्ही कार्ब एकसारखे आहेत.”

“तीन कशाला सांगतोस? नळ्या सहा हैत.”

खरंच की! मी दर वेळी प्रत्येक कार्बच्या पुढच्याच नळीवर सिंक्रोमीटर (किती हवा ओढली जाते ते दाखवणारं यंत्र) धरत होतो. आता सहाही मोजल्या. पहिल्या पाचांत काटा ५ वर. सहावीत मात्र ४. मागचा कार्ब उतरवला, टेबलावर घेतला, मागून टॉर्च धरला. सहाव्या सिलिंडरची पाती चहूबाजूंनी घट्ट मिटलेली, आणि पाचव्याच्या पातीच्या कडेला नखाएवढी उजेडाची चंद्रकोर. स्पिंडलला, म्हणजे दोन्ही पात्या ज्यावर बसतात त्या दांड्याला, पीळ बसलेला होता. म्हणजे एक पाती प्रोग्रेशनच्या भोकांपुढे गेलेली असताना दुसरी अजून त्यांच्यापाशी पोचलेलीच नसायची. असल्या दुखण्याला जेट बदलून काय होणार!

हा कार्ब मला ‘रिबिल्ड केलेला’ म्हणून विकला गेला होता. आतून धुऊन नवी गॅस्केटं घातली म्हणजे रिबिल्ड होत नाही. सेकंडहँड डीसीओई घेताना पैसे देण्याआधी टॉर्च लावून पात्या बघा.

स्पिंडल बदलणाऱ्यांसाठी: पातीच्या स्क्रूंची टोकं कंपनीत ठोकून फुलवलेली असतात. ती आधी कानशीने घासा, नाहीतर स्क्रू आतच तुटतो. पात्यांच्या कडा तिरक्या असतात, त्यामुळे काढण्याआधी खूण करा, उलटी बसली तर मिटत नाही. नवीन स्पिंडलवर पाती हाताने पूर्ण मिटवून, हलकेच टिचकी मारून बसू द्या आणि मगच स्क्रू आवळा. आता सहाही नळ्यांत काटा ५ वर आहे. आणि जेट? पुन्हा तेच ५०एफ८.

एवढ्या खटाटोपापेक्षा ३१८ व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) टाक, असं बरेच जण सांगतात. पण मग चार्जर कशाला घ्यायची? फोर्डकडे ३५१ घनइंची व्ही८ असताना क्रायस्लरने २६५ घनइंची, म्हणजे ४.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि तीन ४५ डीसीओई घेऊन टक्कर दिली. १९७१ च्या ई३८ चार्जरला २८० हॉर्सपॉवर, पण गिअर तीनच. १९७२ च्या ई४९ ला चार गिअर, ३०२ हॉर्सपॉवर आणि पाव मैल १४.४ सेकंदांत. बाथर्स्ट या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शर्यतीच्या नियमानुसार शर्यतीतली गाडी शोरूममध्येही विकावी लागायची, म्हणून हे सगळं साध्या गिऱ्हाइकाच्या हाती आलं. बाथर्स्ट मात्र चार्जरला कधीच जिंकता आलं नाही. १९७१ ला ॲलन मोफॅटची फोर्ड जीटीएचओ फेज थ्री जिंकली, १९७२ ला पावसात पीटर ब्रॉकची होल्डन टोराना. त्याच वर्षी जूनमध्ये वर्तमानपत्रांनी अशा शर्यतीच्या वेगाच्या ‘सुपरकार’ विरुद्ध काहूर उठवलं आणि कंपन्या मागे हटल्या. ई४९ अवघ्या १४९ बनल्या.

माझी साधी एक्सएल मॉडेलची आहे आणि तिच्यावर ई४९ ची पट्टी मी लावणार नाही. ती क्रायस्लरच्या टॉन्सलीच्या कारखान्यात जोडली गेली, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. ते छप्पर अजून उभं आहे आणि त्याच्या आवारात आता फ्लिंडर्स विद्यापीठाचे वर्ग भरतात. तिथून जाताना मी दर वेळी गाडीचा वेग कमी करतो.

पुढचा नंबर चार गिअरच्या बॉक्सचा होता, पण तो पुढे ढकलतोय. या इंजिनाचं इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, म्हणजे कार्ब तापलेल्या एक्झॉस्टच्या वर बसतात. जानेवारीतल्या चाळीस अंशांत उभ्या गाडीत पेट्रोल उकळतं. तेव्हा आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल.

नाही, त्याच्याही आधी दुसरं काम. हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की स्पिंडलला पीळ बसला कसा? आत्ताच गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं. पात्या पूर्ण उघडून स्टॉपला टेकतात, तरी पेडल अजून बोटभर खाली जातं. म्हणजे पायाचा उरलेला सगळा जोर स्पिंडलवर. उद्या सकाळी पेडलखाली बोल्ट आणि लॉकनटचा स्टॉप बसवतो, आणि पुढचे दोन्ही कार्बही उतरवून टॉर्चखाली धरतो.