अनादर शुल्क

जानेवारी २०२१ मधल्या एका मंगळवारी सकाळी एक वयस्कर गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक माझ्यापुढे ठेवले. ती धुऊन, घडी घालून जपलेली पिशवी मी लगेच ओळखली. त्यांनी मला ओळखले नाही, कारण आदल्या जूनमध्ये ते आले होते तेव्हा माझ्या तोंडावर मास्क होता, त्यावर प्लास्टिकची ढाल होती आणि आम्हा दोघांच्या मध्ये काउंटरला दोरीने बांधलेला पारदर्शक पडदा होता.

मी एका बँकेच्या दादर भागातील शाखेत अधिकारी आहे. काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, लालबागला राहणारे. त्यांच्या मुदत ठेवीचे ४,५०० रुपये व्याज खात्यात जमा झाले होते आणि त्याच दिवशी शिल्लक ३७० रुपये उरली होती. "मॅडम, जिमवाल्यांनी पुन्हा पैसे नेले," असे त्यांचे म्हणणे होते. पासबुक छापून घेतले तेव्हा लक्षात आले की हे पैसे जिमने नव्हे, आम्ही नेले होते. चौदा नोंदी, प्रत्येक २९५ रुपयांची, म्हणजे २५० रुपये अनादर शुल्क, अर्थात खात्यात पैसे नसल्यामुळे मागणी परत गेल्याचा दंड, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ४,१३० रुपये. ज्या जिमच्या नावाने काका बोटे मोडत होते, तिने त्यांच्याकडून गैरवाजवी घेतलेली रक्कम ३,६०० रुपये होती.

मूळ प्रकरण साधे होते. त्यांच्या मुलीने एप्रिल २०१९ मध्ये जिमचे वर्षभराचे सभासदत्व घेतले, महिना १,८०० रुपये. तिचे स्वतःचे चेकबुक नसल्यामुळे मँडेटवर, म्हणजे खात्यातून हप्ते परस्पर वळते करण्याच्या लेखी परवानगीवर, सही वडिलांनी केली. बारा हप्ते मार्च २०२० मध्ये पूर्ण झाले. त्याच महिन्यात सरकारी आदेशाने मुंबईतील जिम बंद झाल्या आणि त्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. तरीही एप्रिल आणि मे महिन्यांत कुलूपबंद जिमने संपलेल्या सभासदत्वाचे हप्ते वेळेवर नेले.

हे कसे घडते, ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. खात्यातून आपोआप पैसे वळते करणाऱ्या या यंत्रणेचे नाव नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाउस असे आहे. आद्याक्षरे जोडून शाखेत आम्ही तिला 'नाच' म्हणतो, आणि हा विनोद आता कोणालाच विनोद वाटत नाही. जिम आपल्या बँकेमार्फत मागणी पाठवते, ती आमच्याकडे येते, आमची संगणकप्रणाली मँडेट जुळवून पैसे देऊन टाकते. सभासदत्व संपले की नाही, जिमच्या दाराला कुलूप आहे की काय, हे त्या साखळीत कोणीही विचारत नाही. विचारले जाते ते एवढेच, की मँडेट चालू आहे का आणि रक्कम मर्यादेत बसते का.

म्हणून अशा तक्रारीत पहिल्यांदा मँडेटची प्रतिमा उघडावी, हे मी नव्या मुलांना नेहमी सांगते. प्रत्येक मँडेटला वीस अक्षरांचा एक क्रमांक असतो; तो टाकला की स्कॅन केलेला कागद पडद्यावर येतो. काकांच्या कागदावर ठरावीक रकमेऐवजी 'कमाल रक्कम' या चौकोनात खूण होती आणि पुढे ५,००० लिहिलेले होते. 'दरमहा' हा पर्याय सोडून 'मागणी येईल तेव्हा' यावर खूण होती. शेवटची तारीख कोरी होती आणि तिच्या खालच्या 'रद्द करेपर्यंत' या चौकोनात ठसठशीत बरोबरची खूण होती. सही काकांची होती, थरथरत्या हाताची. खुणा मात्र सराईत हाताच्या होत्या. "मी फक्त सही केली, बाकीचं तिथल्या मुलाने भरून घेतलं," असे काका म्हणाले, आणि त्यावर विश्वास न ठेवण्याचे मला काहीच कारण नव्हते, कारण अशी शेकडो मँडेट मी पाहिली आहेत. वर्षभराच्या व्यवहारासाठी कायमची आणि रकमेच्या जवळजवळ तिप्पट परवानगी लिहून घ्यायची, ही लबाडी इतकी रूढ झाली आहे की ती घेणाऱ्यालाही लबाडी वाटेनाशी झाली आहे.

त्याच कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य असते. हे मँडेट रद्द करण्याची विनंती खातेदार संबंधित संस्थेला किंवा आपल्या बँकेला करू शकतो, असा त्याचा आशय आहे. त्या 'किंवा'पाशी मी बराच वेळ थांबले.

जूनमध्ये काका हीच तक्रार घेऊन काउंटरवर आले होते. "सरकारने हप्ते थांबवलेत ना?" असे त्यांनी विचारले होते. कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने दिलेली सवलत जिमच्या हप्त्यांना लागू नाही, हे मी त्या दिवशी बहुधा विसाव्यांदा सांगत होते. निम्मे कर्मचारी गैरहजर होते, बाहेर रांग पदपथावर गेली होती. मी म्हटले, "काका, जिमकडून पत्र आणा, मग बघू." जिम बंद होती. पत्र देणार कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. असे पत्र मागण्याची आमच्याकडे प्रथाच आहे. नियमात ते कुठेही नाही.

मग कोणीतरी त्यांना खाते रिकामे ठेवण्याचा सल्ला दिला. हा सल्ला मुंबईत घरोघरी दिला जातो आणि तो घातक आहे. खात्यात पैसे नसले की मागणी 'शिलकेअभावी' परत जाते, दर परतीला शुल्क लागते, आणि 'मागणी येईल तेव्हा' अशी परवानगी असल्यामुळे जिम महिन्यातून दोनदा, कधी तीनदा मागणी पाठवत राहिली. शुल्क थकत गेले आणि व्याज जमा होताच सगळे एकदम वसूल झाले. शिवाय जिमच्या वसुलीवाल्याने फोनवर तुरुंगाची भीती घातली होती. तशी तरतूद खरोखरच आहे, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७, कलम २५. पण ती शिलकेअभावी परत गेलेल्या आणि खरोखर देणे असलेल्या रकमेबद्दल आहे, आणि तिलाही आधी लेखी नोटीस व पंधरा दिवसांची मुदत लागते. देणेच नसताना धमकी पोकळ होती. मात्र काका सहा महिने त्या फोनला घाबरून होते, ही गोष्ट त्यांनी सर्वांत शेवटी आणि खाली बघत सांगितली.

मँडेट रद्द करायला दहा मिनिटे लागली. अर्ज, सही, नोंद, पोच. जूनमध्येही दहाच मिनिटे लागली असती.

शुल्क परत करण्यासाठी टिपण लिहावे लागले, कारण एवढी रक्कम शाखा व्यवस्थापकांच्या अधिकारात बसत नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, "ग्राहकाशी सौहार्द म्हणून लिहा, चूक वगैरे शब्द नकोत." ते वाईट गृहस्थ नाहीत, बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणते शब्द वरच्या कार्यालयात अडकतात, हे त्यांना पाठ झाले आहे एवढेच. मी लिहिले, "जून २०२० मध्ये ग्राहकास योग्य मार्गदर्शन प्राप्त झाले नाही." वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि त्यात कर्ता नाही. वरून एकच विचारणा आली, की हे मार्गदर्शन कोणी करायचे होते. ती माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होती. तिसऱ्या दिवशी मी माझे नाव आणि कर्मचारी क्रमांक लिहून ती परत पाठवली. त्याबद्दल मला पुढे कोणी काही विचारले नाही.

४,१३० रुपये फेब्रुवारीत जमा झाले. जिमचे ३,६०० रुपये अजून आलेले नव्हते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात शुल्क नसते आणि आता राहत्या जिल्ह्यातच दावा करता येतो, हे मी काकांना सांगितले, शिवाय अर्जाला जोडण्यासाठी मँडेटची प्रत काढून दिली. ती पिशवीत ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारले, "तेव्हा काउंटरवर एक मॅडम होत्या, त्यांची बदली झाली का?"

मी म्हटले, "नाही काका, त्या इथेच आहेत."

त्यांनी मान डोलावली आणि प्रतीवर शिक्का मारून देण्यास सांगितले.