पीजेचा एक डबा बनवताना

पाचोरा-जामनेर नॅरोगेज, म्हणजे आमची 'पीजे', २०२०च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. शेंदुर्णीहून पाचोऱ्याला आप्पा वर्षानुवर्षं तिनंच गेले. डब्याच्या दाराला टेकून उभे असलेल्या आप्पांचा एक फोटो घरात आहे. त्या डब्याचं छोटं मॉडेल आपल्या हातानं करायचं असं मागच्या वर्षी मनात घेतलं.

चुकलो ते पहिल्याच पावलाला, स्केलमध्ये. मला मिळाला होता एचओचा, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या एका ठरलेल्या मापाचा, दोन पट्ट्यांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असलेला रूळ. एचओचं प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, म्हणून डबाही त्याच मापानं माउंटबोर्डात, म्हणजे जाड पुठ्ठ्यात, कापला. पंधरा दिवसांनी फोटो भुसावळच्या एका काकांना पाठवला. रेल्वेतून रिटायर झालेले, घरी इंजिनांची मॉडेलं करतात. लगेच फोन आला, "डबा मस्त कापला भो, पण ही पीजे नाही. रूळ मोज."

१६.५ गुणिले ८७ म्हणजे १४३५ मिलिमीटर, हा युरोप-अमेरिकेतला स्टँडर्ड गेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). पीजेचा गेज ७६२, अडीच फूट. माझा डबा जवळपास दुप्पट रुंद रुळांवर उभा होता! अरुंद रुळांवर दोन्ही बाजूंना बाहेर आलेला डबा, हेच तर त्या गाडीचं रूप, आणि तेच गेलं होतं.

दोन वाटा होत्या. डबा तोच ठेवून एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेलांचा, ९ मिलिमीटरचा रूळ घ्यायचा, किंवा रूळ ठेवून डबा १:४८नं पुन्हा करायचा. १६.५ गुणिले ४८ म्हणजे ७९२. मॉडेलवर फरक एका मिलिमीटरच्याही आत. मी दुसरी वाट धरली, कारण मोठ्या डब्याच्या खिडक्या कटरनं नीट कापता येतात.

मापं कुठून आणायची? काकांनी सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. समोरून काढलेल्या फोटोत डब्याच्या तोंडाखालचं रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, तीच आपली पट्टी. बाजूच्या मापांना आप्पा उपयोगी पडले. त्यांची उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे मॉडेलवर ३४.४ मिलिमीटर. ते डब्याला टेकून होते म्हणून हे जमलं. चार पावलं पुढे असते तर माप खोटं ठरलं असतं.

माउंटबोर्ड एकाच बाजूनं रंगवला तर वाकतो, प्रायमर दोन्हीकडून द्या. आणि मे महिन्यात दुपारी स्प्रे मारूच नका. आपल्याकडच्या उन्हात रंग डब्यावर पोचायच्या आत हवेतच सुकतो, हाताला रव्यासारखा लागतो. मी सकाळी सहाला गच्चीवर रंगवला.

जमिनीसाठी शेतातलीच काळी माती हवी होती. चहाच्या गाळणीनं चाळून पसरली, वर निम्मं पाणी घातलेला फेविकॉल सोडला, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे तो मातीत मुरतो. दुसऱ्या दिवशी रानासारख्याच भेगा! काळी माती सुकताना आक्रसते. मग निम्मी बारीक रेती मिसळली, तेव्हा बसली. रुळांपलीकडे केळीची एक ओळ लावली. कागदी पानांना कडेनं तिरप्या चिरा द्या. वाऱ्यानं फाटलेली पानं नसतील तर ती केळी खानदेशातली वाटत नाही.

फोटोसाठी मोबाइल उलटा धरा, लेन्स खाली येते. या मापात माणसाचा डोळा जमिनीपासून जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरवर असतो, तिथूनच गाडी गाडीएवढी दिसते.

तसा फोटो काकांना पाठवला. उत्तर आलं, "आता पीजे आहे. पण दाराखाली एक पायरी कमी." आप्पांच्या फोटोत पाहिलं, खरंच दोन होत्या. दुसरी रात्रीच कापून चिकटवली.