‘सिद्धार्थ’वर बाराशे शब्द

माहिती एकाची दुसऱ्याला देता येते, शहाणपण देता येत नाही, असं शेवटच्या प्रकरणात बजावणाऱ्या कादंबरीवर नाशिकच्या आपल्या शाळेत निबंध स्पर्धा व्हायची आणि शिक्षक त्या निबंधांना गुण द्यायचे. यातली गंमत आमच्या मराठीच्या बाईंना पुरती ठाऊक होती. शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत खऱ्या. पण या स्पर्धेची रीत कुठे लिहून ठेवलेली नाही, म्हणून तीच इथे नोंदवतो.

पुस्तक हेरमान हेसेचं ‘सिद्धार्थ’. मूळ जर्मन, १९२२ सालचं. नववी-दहावीच्या मुलांना ते झेपतं, कारण एक तर ते छोटं आहे: पहिल्या भागात चार प्रकरणं, दुसऱ्यात आठ. शिवाय त्यातलं तत्त्वज्ञान पात्रांच्या वागण्यातून येतं. भाषणं आहेत, पण थोडी. चार आणि आठ हे आकडे चार आर्यसत्यं आणि अष्टांगिक मार्गाची आठवण करून देतात. दरवर्षी कुणीतरी हा शोध आपणच लावल्याच्या थाटात मांडायचा. त्याला गुण मिळायचे ते फक्त कोणतं प्रकरण कोणत्या अंगाशी कसं जुळतं हे दाखवलं तर, आणि ते सगळीकडे जुळत नाही.

नियम असे होते. शब्द १००० ते १२००. फुलस्केपच्या एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे दोन बोटं समास. निबंधावर नाव नाही, फक्त क्रमांक. नावाची चिठ्ठी वेगळ्या पाकिटात. परीक्षक दोन, आणि त्यांच्या गुणांत दहापेक्षा जास्त अंतर पडलं तर तिसरा. एकूण ५० गुणांपैकी मुद्दा आणि त्याची मांडणी २०, कादंबरीतले दाखले १५, स्वतःचा विचार १०, शुद्धलेखन ५. शुद्धलेखनाच्या पाचांवर मुलं हसायची, पण पहिल्या तिघांत फरक बहुतेक वेळा तेवढ्याचाच पडायचा.

वाचायला महिना मिळे. शाळेत प्रती मोजक्या, त्यामुळे काही जण सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या ‘सावाना’त, खेपा घालायचे. पहिलं वाचन पेन्सिल न घेता, सलग. दुसऱ्या वाचनाला वही: पानावर मधोमध रेघ, डावीकडे काय घडलं, उजवीकडे त्यावरचा प्रश्न. उजवी बाजू कोरी राहिली तर ते प्रकरण पुन्हा वाचायचं. दाखला देताना पान क्रमांक लिहायचा नाही, प्रकरणाचं नाव लिहायचं. कुणाकडे मराठी अनुवाद, कुणाकडे हिल्डा रोसनरचा १९५१ चा इंग्रजी, पानं जुळणार कशी?

आता चुकांकडे येतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे या सिद्धार्थालाच गौतम बुद्ध समजणं. नाव तेच, आणि पांडवलेण्यांची, म्हणजे इथल्या बौद्ध लेण्यांची, सहल करून आलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे बुद्धमूर्ती असते. कादंबरीतला सिद्धार्थ हा ब्राह्मणाचा मुलगा. बुद्ध त्याला तिसऱ्या प्रकरणात जेतवनात भेटतो. मित्र गोविंद तिथेच भिक्षू होतो आणि सिद्धार्थ निघून जातो. जाताना तो बुद्धाला सांगतो की, तुमच्या शिकवणीत कार्यकारणाची साखळी अखंड आहे, फक्त मुक्तीच्या जागी ती तुटते. आणि ज्ञानप्राप्तीच्या क्षणी तुम्हाला जे अनुभवाला आलं ते शब्दांत देता येणार नाही. बुद्धाचं उत्तर मुलं विसरायची: जिज्ञासूंना जग समजावून सांगणं हा या शिकवणीचा हेतूच नाही, हेतू दुःखमुक्तीचा आहे, आणि अति हुशारीपासून सावध राहा. ही दोन्ही बाजूंची बोलणी समोरासमोर मांडणारा निबंध निम्मी लढाई तिथेच जिंकायचा.

दुसरी चूक कथा सांगत बसण्याची. परीक्षकांनी पुस्तक वाचलेलं असतं. कथेला दीडशे शब्द पुष्कळ झाले. लेखकाच्या चरित्राला दोन वाक्यं, तीही मुद्द्याला लागत असतील तरच. हेसेचे आजोबा हेरमान गुंडर्ट केरळात मिशनरी होते, त्यांचा मल्याळम शब्दकोश १८७२ मध्ये निघाला, हेसेची आई तिकडेच जन्मली. तो स्वतः मात्र १९११ च्या प्रवासात सिलोन, सुमात्रा करून परतला, भारताच्या मुख्य भूमीवर आलाच नाही. माहिती रंजक आहे, पण ‘परक्याला आपलं तत्त्वज्ञान किती कळलं’ असा मुद्दा नसेल तर ती वहीतच राहू द्यावी. तुकोबा, ज्ञानेश्वरी आणि गीता एकाच परिच्छेदात कोंबणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

तिसरी चूक मधली प्रकरणं गाळण्याची. कमला गणिका आहे म्हणून मुलं लाजून तिथून उडी मारायची ती थेट नदीकाठी. पण सिद्धार्थ आधी काय होता आणि पुढे काय झाला, हे समजायला शहरातली ही वर्षंच लागतात. मला विचार करता येतो, वाट पाहता येते, उपास करता येतो, हे तो तिथेच सांगतो. उपासाचा उपयोग काय, असं व्यापारी कामस्वामी विचारतो, तेव्हा तो म्हणतो की खायला काही नसेल तर माणसानं करण्यासारखी तीच शहाणपणाची गोष्ट. तांदळाचा प्रसंगही तसाच. खरेदीला तो गावात पोचतो तेव्हा माल दुसऱ्यानं उचललेला असतो. तरी हा तिथे काही दिवस राहतो, शेतकऱ्यांबरोबर जेवतो, पोरांना पैसे वाटतो आणि खूश होऊन परततो. लासलगाव-पिंपळगावकडच्या मुलांना हा प्रसंग चटकन कळायचा. बाजार समितीत गाडी उशिरा पोचली म्हणजे घरी काय ऐकावं लागतं ते त्यांना माहीत असतं, त्यामुळे कामस्वामीची बाजूही ते प्रामाणिकपणे मांडायचे.

नदी हा नाशिककरांचा मोठा मोह. गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला की गळ्याला, यात तीनशे शब्द सहज वाहून जातात आणि कादंबरीतली नदी राहून जाते. नावाडी वासुदेवाकडून आणि नदीकडून सिद्धार्थ जे शिकतो ते नेमकं आहे: नदी एकाच वेळी सगळीकडे असते, उगमाशी, धबधब्यात, धक्क्यावर आणि समुद्राला मिळतानाही, म्हणून तिच्यापुरता काळ नाहीच. हेच गोदावरीवरून सांगायचं तर पुराची गरज नाही. ती या क्षणी ब्रह्मगिरीवर आहे, रामकुंडात आहे, पैठणच्या नाथसागरात आहे आणि आंध्रातल्या राजमहेंद्रीलाही आहे. एवढं वाक्य पुरे.

माझ्या मते सगळ्यात सकस विषय बाप-लेकाचा. पहिल्या प्रकरणात सिद्धार्थ वडिलांच्या खोलीत रात्रभर हात बांधून उभा राहतो आणि घर सोडायची परवानगी मिळवतो. दहाव्यात त्याचा स्वतःचा मुलगा होडी घेऊन पळून जातो, वल्हंही हाती लागत नाही, आणि सिद्धार्थ-वासुदेव या दोघा म्हाताऱ्यांना बांबूचा तराफा बांधावा लागतो. अकराव्यात पाण्यात डोकावताना त्याला आपल्या चेहऱ्यात वडिलांचा चेहरा दिसतो. हे तीन प्रसंग एका धाग्यात ओवले की बाराशे शब्द कमी पडतात. पहिला मसुदा अठराशेचा झाला तरी चालेल. कापायला सुरुवात प्रस्तावनेपासून करावी, मग ‘अशा प्रकारे’नं सुरू होणारा शेवटचा परिच्छेद पूर्ण काढावा, निबंध बहुधा जागेवर येतो.

निवडलेल्या पाच जणांची तोंडी फेरी असे, कारण घरच्या कुणी लिहून दिलेला निबंध तिथे लगेच उघडा पडायचा. प्रश्न कादंबरीत सरळ उत्तर नसलेले असायचे. उदाहरणार्थ, कामस्वामीच्या जागी तू असतास तर सिद्धार्थला कामावर ठेवलं असतंस का? ‘हो’ किंवा ‘नाही’ दोन्ही चालायचं. पण हो म्हणणाऱ्याला हे ठाऊक हवं की एका मित्राच्या सल्ल्यावरून कामस्वामीनं त्याला नफ्यात तिसरा हिस्सा दिला आणि तोट्यातही तेवढाच त्याच्या अंगावर टाकला, तरी सिद्धार्थला त्याचं फारसं काही वाटलं नाही; आणि नाही म्हणणाऱ्यालाही हेच ठाऊक हवं.