सहाव्या होलवरचा नाला

रविवारी गोल्फ खेळताना परत तेच झालं, सहाव्या होलवर आमच्यातल्या दोघांनी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) काढला आणि दोघांचेही बॉल नाल्यात. मी कितीतरी महिन्यांपासून सांगून राहिलो की भाऊ, या होलवर ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या, पण टीवर, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागी, उभं राहिलं अन् समोर मोकळा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) दिसला की कोणाला काही आठवत नाही.

होल पार फोर, म्हणजे चार शॉटमध्ये संपवायचा, टीपासून ३८० यार्ड, नाला २२५ वर सुरू होतो अन् २४० ला संपतो. आपल्यासारख्यांचा ड्रायव्हर हवेत २०५-२१० जातो, बाकी घरंगळत. म्हणजे उडून पलीकडे जाणार नाही, घरंगळला तर नेमका पाण्यात. मे महिन्यात नागपूरची जमीन अशी तापून कडक होते की बॉल पडल्यावर तीस-चाळीस यार्ड सहज पळतो, तेव्हा तर विचारूच नका. पावसाळ्यात उलटं, काळी माती भिजली की बॉल पडला तिथेच रुतून बसतो, मग ड्रायव्हर कधी कधी वाचतो आणि लोकांना वाटतं की जमलं! तोच माणूस ऑक्टोबरात जमीन वाळल्यावर तोच शॉट मारतो आणि बॉल गेला.

मी हायब्रिड घेतो, ड्रायव्हरपेक्षा कमी लांब जाणारा क्लब. १७० वर पडतो, उन्हाळ्यात २०० पर्यंत जातो, नाला पुढे राहतो. २०० वरून सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) १४०, ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताला, चाळीसेक यार्ड उरतात, एक वेज (जवळून उंच उडवायचा क्लब), दोन पट (ग्रीनवर घरंगळवत मारायचे शॉट), झाले पाच. वेज जवळ बसला तर चार. नाल्यात गेलात तर एक पेनल्टी, म्हणजे दंडाचा शॉट, तिसरा शॉट नाल्याच्या अलीकडूनच मारायचा, ग्रीन अजून १६० वर, म्हणजे सहा किंवा सात. आणि हा होल कार्डावर स्ट्रोक इंडेक्स १ आहे, म्हणजे सगळ्यात कठीण मानलेला, अठरा हँडिकॅपवाल्याला (ज्याला अठरा शॉटची सवलत असते) इथे एक शॉट मिळतो, म्हणजे त्याचे पाच म्हणजे सवलत वजा करून नेट पारच की! मग चारासाठी एवढा जीव काहून काढायचा?

स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी, १९९९ आठवा. ब्रिटिश ओपन, शेवटचा होल, फ्रान्सचा झां व्हान दे वेल्ड तीन शॉटने पुढे, सहा मारले तरी जिंकणार. त्याने टीवर ड्रायव्हर घेतला. दुसरा शॉट स्टँडच्या कठड्याला लागून मागे आला, तिसरा बॅरी बर्नमध्ये, तोही नालाच. सात झाले, बरोबरी झाली म्हणून प्लेऑफमध्ये (निर्णायक जादा होल) गेला आणि हरला. पँट वर करून पाण्यात उभा असलेला त्याचा फोटो मला पाहवत नाही, इतक्या जवळ येऊन...

याच्या उलट २०१९ चा मास्टर्स, अमेरिकेतली मोठी स्पर्धा, ऑगस्टाचा बारावा होल, पार थ्री, फक्त १५५ यार्ड, पिन (होलमधला झेंडा) उजवीकडे, समोर पाणी. इटलीचा मोलिनारी पुढे होता, त्याचा बॉल पाण्यात गेला. टायगर वूड्सने पिनकडे पाहिलंच नाही, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) वरून ग्रीनच्या डाव्या बाजूला मारला, दोन पट, पार, आणि शेवटी जिंकला. एवढा मोठा खेळाडू पिन सोडून देतो, तर आपण बंकरमागच्या पिनवर का नेम धरायचा.

म्हणून मी होल नेहमी ग्रीनकडून मागे मोजतो. शेवटचा शॉट मला कुठून आवडतो? चाळीस-पन्नास यार्डावरून, सपाट जागेवरून, पिनच्या डावीकडून, कारण आपल्या या ग्रीनचा उतार उजवीकडे आहे आणि उजव्या बाजूला बंकर आहे. मग तिथे पोचायला काय लागेल, त्याच्या आधी काय, असं करत टीवर यायचं. टीवर आल्यावर क्लब आपोआप ठरलेला असतो आणि हात थरथरत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

या शनिवारी रात्री पाऊस झाला तर सकाळी सहाव्याला हायब्रिड १७२ च्या पुढे जाणार नाही, ग्रीनला २०८ उरतील, म्हणून दुसऱ्या शॉटला सेव्हन ऐवजी फाइव्ह आयर्न. कॅडीला, म्हणजे बॅग उचलणाऱ्याला, आधीच सांगून ठेवतो, आणि ते दोघं हे वाचत असतील तर भाऊ, यावेळी ड्रायव्हर गाडीतच ठेवा.