'सवत' या शब्दाचे पुल्लिंग

सांगली सोडून बॉस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिल या शहरात आम्ही २०१४ साली राहायला आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. आमचे लग्न विश्रामबागेतल्या एका कार्यालयात चारचौघांसारखे झाले आहे. घरापासून चालत पंधरा मिनिटांवर राहणारे एक गृहस्थ २०१७ पासून माझे जोडीदार आहेत. नवऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, त्याच्या होकारानेच ते सुरू झाले आणि जी मोकळीक मला आहे तीच त्यालाही आहे. इकडे या जगण्याला पॉलिॲमरी म्हणतात. ग्रीक आणि लॅटिन जोडून हा शब्द तयार झाला तो १९९० च्या सुमारास, म्हणजे इंग्रजीतही तो तसा नवाच आहे.

मराठीत हे सांगायला बसले की मी पहिल्याच वाक्याला अडते. नात्यांच्या नावांची आपल्याकडे ददात नाही. साडू आहे, व्याही आहे, मावससासू आहे, आणि नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला सवत आहे. बायकोच्या दुसऱ्या जोडीदाराला नवऱ्याने काय म्हणावे, यासाठी मात्र शब्दच नाही. 'जार' आहे, पण ती शिवी आहे, आणि त्यातून त्या दोन पुरुषांचे आपसातले नाते काही कळत नाही. ज्या गोष्टीची मुभा फक्त पुरुषालाच होती तिच्यासाठी भाषेने एकच शब्द घडवला, असे मला वाटते. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आणि पुढे देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बंदी झाली. तरीही व्यभिचाराचे कलम ४९७ २०१८ पर्यंत टिकून होते, आणि त्यात नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा होत नव्हता, बायकोच्या संमतीला मात्र काहीच मोल नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले त्या सप्टेंबरात मी तो निकाल रात्री जागून वाचला, कारण आमच्या घरातला सगळा व्यवहार संमतीवरच उभा आहे आणि ती तिघांचीही असावी लागते.

रोजचे जगणे मात्र फार साधे आहे. बुधवारची रात्र आणि शनिवारचा दिवस मी त्यांच्याकडे असते, बाकीचे दिवस घरी. तिघांचे मिळून फोनवर एक कॅलेंडर आहे, आणि ठरलेला दिवस बदलायचा असेल तर ज्याचा दिवस जातो त्याला आधी विचारायचे, हा नियम आजवर मोडलेला नाही. आरोग्याच्या तपासण्या ठरल्या वेळी होतात आणि त्यांचे निकाल तिघेही पाहतात. रविवारी संध्याकाळी नवरा आणि मी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसतो आणि आठवड्यात काय खुपले ते एकमेकांना सांगतो. प्रेमापेक्षा ही चहाची वेळ आम्हाला जास्त सांभाळावी लागते.

मत्सराबद्दल सगळेच विचारतात. तो होतो, पण आपण जिथे त्याची वाट पाहत असतो तिथे तो येत नाही. माझ्या बुधवारच्या रात्रींचे नवऱ्याने कधी मनाला लावून घेतले नाही. एकदा मात्र आईने पाठवलेल्या भडंगाचे पाकीट मी फोडले, अर्धे डब्यात भरले आणि शनिवारी तिकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा उरलेले पाकीट रबर लावून ओट्यावर तसेच ठेवलेले होते आणि त्याने त्यातला दाणाही खाल्लेला नव्हता. "हे आपलं होतं," एवढेच तो म्हणाला. त्यावर बोलायला आम्हाला दोन रविवार लागले. तेव्हापासून सांगलीहून आलेली कुठलीही वस्तू आधी आमच्या घरी फुटते, मग पुढे जाते.

त्या दोघांचे आपसात बरे जमते. मित्र म्हणावेत इतके ते जवळचे नाहीत, परके तर नाहीतच. बर्फाची आणीबाणी जाहीर झाली की आमच्या शहरात गाड्या रस्त्याच्या विषम क्रमांकाच्या बाजूला लावाव्या लागतात. अशा एका पहाटे नवऱ्याची पाठ धरलेली असताना ते न सांगता आले, आमची गाडी फावड्याने मोकळी केली, आणि मग त्या दोघांनी ओट्याशी उभ्याने चहा घेतला.

कायद्याच्या बाबतीत आम्ही राहतो ते शहर वेगळे आहे. सॉमरव्हिलने जून २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, दोनपेक्षा जास्त व्यक्तींनाही सहजीवनाची नोंदणी करता येईल असा नियम केला, आणि पुढच्या वर्षी शेजारच्या केंब्रिजनेही तसाच केला. रुग्णालयात भेटायला कोणाला सोडायचे, हा त्यामागचा एक कळीचा प्रश्न होता. राज्य मात्र तिघांचे लग्न मानत नाही. आम्ही अजून नोंदणी केलेली नाही. ग्रीन कार्डाच्या अर्जात बहुपत्नीत्वाविषयी थेट प्रश्न असतो. माझे लग्न एकच आहे, त्यामुळे माझे उत्तर स्वच्छ आहे, तरी तो निकाल लागेपर्यंत थांबा, असा सल्ला आम्हाला वकिलांनी दिला. ज्या शहरात हे नाते कागदावर आणता येते त्याच शहरात राहून ते कागदाबाहेर ठेवणे मला फार जड जाते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरले. आई-बाबा आधीच मावशीकडे गेले होते. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाशी ५७ फुटांपलीकडे गेली, त्या दिवसांत हे गृहस्थ रोज सकाळी मला "आज किती फूट?" एवढेच विचारत. ४५ फुटांना धोका असतो, हेही त्यांनी लक्षात ठेवले होते. आईला मी हे तेव्हाच सांगितले होते. "चांगला आहे हो तुझा तो मित्र," असे ती म्हणाली होती.

खरे काय ते मी तिला जानेवारी २०२४ मध्ये सांगितले, तिच्यासमोर बसून, ती ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत असताना. तिचे हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "जावईबापूंना ठाऊक आहे?" मी हो म्हणाले. "त्यांच्यावर जबरदस्ती नाही ना?" मी नाही म्हणाले. "बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली आणि साले गोळा करून आत गेली. माझ्या मुक्कामात तो विषय पुन्हा निघाला नाही, आणि तिला हे पटले आहे असे मी आजही म्हणणार नाही. बाबांना अजून सांगितलेले नाही, ते मला सलते.

आमच्या घरी जावयाला कोणी एकेरीत बोलावत नाही. आईसाठी माझा नवरा पहिल्या दिवसापासून 'ते' आहे, आणि माझे सगळे मित्र 'तो'. मागच्या दिवाळीत फराळाचे पार्सल पोचल्याचे मी तिला फोनवर सांगत होते. चकल्या मोडल्या का, करंज्या खवट तर झाल्या नाहीत ना, असे सगळे विचारून झाल्यावर ती थोडी थांबली.

"आणि ते?" तिने विचारले. "ते खातात का आपलं तिखट?"

"खातात," मी म्हणाले.