ठाण्यात आमच्याशी तुटक का बोलतात?

मी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात हजेरी मास्तर होतो हे कळलं, की माणसं हमखास विचारतात: "ठाण्यात गेलं की आमच्याशी इतकं तुटक का बोलतात हो?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत विचारतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं. त्यांचा मोबाइल बाजारात चोरीला गेला, रात्री अकराला त्या ठाण्यात गेल्या आणि समोरचा अंमलदार मान वर न करता म्हणाला, "सकाळी या." काकू, तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट लिहूनच देतो.

हजेरी मास्तर म्हणजे ड्युट्या लावणारा. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कोण, लॉकअपच्या गार्डला कोण, आरोपीला घेऊन कोर्टात कोण, समन्स बजावायला कोण, बीट मार्शलच्या मोटारसायकलवर कोण, हे सगळं माझ्या वहीत ठरायचं. वहीत नावं पुष्कळ असायची. त्यातून रजेवरचे, आजारी, प्रशिक्षणाला गेलेले आणि दुसऱ्या कार्यालयात कामाला लावलेले वजा करा. उरतील त्यांच्यातून बंदोबस्ताला माणसं द्या. शेवटी टेबलावर बसायला तोच माणूस उरतो, जो काल रात्रीही तिथेच होता.

हा माणूस राहतो बदलापूरला, नाहीतर कसाऱ्याला. बारा तासांची ड्युटी, वर लोकलचे चार तास. घरी पोरं झोपलेली बघायची आणि झोपलेलीच सोडून निघायचं. तुमच्या पुढ्यात रात्री अकराला बसलेला अंमलदार तो होता. म्हणून त्याचं बोलणं बरोबर ठरतं असं मी म्हणणार नाही. तुमचा फोन गेला होता, तुमची तक्रार त्याच वेळी घ्यायला हवी होती. पण तो तसा का बोलला याचं उत्तर त्याच्या स्वभावात कमी आणि माझ्यासारख्याच्या वहीत जास्त सापडतं.

एका शिपायाच्या मुलीचं बारसं होतं. त्याने महिनाभर आधी सांगितलं होतं, "मास्तर, तेवढी साप्ताहिक सुट्टी जपा." आदल्या संध्याकाळी मोर्चाचा बंदोबस्त आला आणि त्याच्या सुट्टीवर मी माझ्याच हाताने रेघ मारली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांवर तो असा खेकसला की मला उठून मध्ये पडावं लागलं. त्या आजोबांची मी माफी मागितली. त्या पोराची मागायची राहून गेली, ते अजून मनात आहे.

कायदा काय म्हणतो? 1951 च्या पोलीस अधिनियमाच्या 28 व्या कलमानुसार पोलीस कायमच ड्युटीवर आहे असं मानलं जातं. संकटाच्या वेळी ते हवंच. रोजच्या वेळापत्रकाला मात्र तोच नियम लावला की माणूस झिजतो. गाऱ्हाणं मांडायची जागाही अरुंद. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी संप केला आणि तो मोडून काढला गेला. मी त्यानंतर दोन वर्षांनी भरती झालो. संघटना हा शब्द जुने हवालदार आमच्यासमोर हळू आवाजात उच्चारायचे.

म्हणूनच 2016 ची गोष्ट मला फार मोलाची वाटते. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांची योजना स्वतः आखली आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे मांडली. आयुक्तांनी एका शिपायाचं ऐकून घेतलं. त्या मे महिन्यात देवनारला प्रयोग सुरू झाला आणि 2017 च्या सुरुवातीपासून शहरभरच्या ठाण्यांना तो लागू झाला.

आम्हा हजेरीवाल्यांना धडकीच भरली. हिशेब साधा आहे: हाताशी साठ माणसं असली तर दोन पाळ्यांत तीस-तीस मिळतात, तीन पाळ्यांत वीसच. ही दहाची तूट काढायची कुठून? मी वही घेऊन बसलो तेव्हा दिसलं, की एकाच कामाला दोघं-दोघं लावलेले होते, काहीजण नुसते 'असू दे' म्हणून थांबवून ठेवलेले होते. माणूस ठाण्यात हजर असला की काम होतंय, असं आम्ही वर्षानुवर्षं समजत आलो होतो. गणपतीच्या दिवसांत आणि मोठ्या बंदोबस्तात घडी मोडायची, हे खरं. पण इतर दिवशी चारला सुटायचं म्हणजे चारला सुटायचं. टेबलावरची माणसं आलेल्याला "बसा" म्हणू लागली. त्या एका शब्दासाठी मी कितीही वह्या पुन्हा लिहिल्या असत्या.

बीटवरच्या, म्हणजे ठरलेल्या भागात गस्त घालणाऱ्या माणसाचंही तेच आहे. भिवंडीत 1984 च्या दंगलीनंतर काही वर्षांनी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. रहिवासी आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. 1992 च्या डिसेंबरात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. अशी ओळख व्हायला तोच चेहरा त्याच गल्लीत पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. बीट अंमलदाराला दर दोन दिवसांनी बंदोबस्ताला ओढलं, की गल्लीत त्याला कुणी ओळखत नाही आणि तोही कुणाला ओळखत नाही. मीही अनेकांना असं ओढलं आहे.

कोविडमध्ये आठ तासांची घडी विस्कटली. पंचावन्नच्या वरच्यांना घरी थांबायचा आदेश आला. ज्यांच्या ड्युट्या मी लावायचो ती पोरं नाक्यावर उभी होती आणि मी खिडकीत बसून होतो. तसाच निवृत्त झालो. 2022 च्या जानेवारीत महासंचालक संजय पांडे यांनी राज्यभरच्या महिला अंमलदारांना आठ तासांची ड्युटी द्यायचे आदेश काढले, तेव्हा बरं वाटलं. पुरुष अंमलदारांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

काकू, आता तुमच्या फोनचं. बिल आणि खोक्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढून ठेवा. गुन्हा नोंदवला की एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. सोमवारी सकाळी मी सोबत येतो. टेबलावरच्या पोराला आधी विचारू, रात्रपाळी करून बसलायस का रे.